मन पालटले, हातांचे काय?

सन १९१६ मध्ये अमेरिकेत ‘हेल्स हिंजेस’ नावाचा मूकपट निघाला. विल्यम हार्ट ह्या नटाने त्यात एका बंदूकधारी गुंडाची भूमिका केली. गावात आलेल्या नव्या धर्मोपदेशकाला हुसकावण्यास तो निघतो. परंतु उपदेशकाच्या बहिणीची श्रद्धा पाहून त्याचे मन पालटते. पुढे उपदेशकच दारूने बिघडतो, जमाव प्रार्थनामंदिर जाळतो, आणि संतापलेला हा गुंड गुत्ता पेटवतो. त्या आगीत गाव भस्म होते. मन पालटले, हात मात्र तेच राहिले!

हातही कसे पालटतात, हे व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ मध्ये दाखविले. त्याची प्रेरणा मराठी मुलखातलीच. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. चित्रपटातील जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेऊन शेती करावयास लावतो. राखण करतात ते केवळ त्याचे दोन डोळे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात ह्या चित्रपटास आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संस्थेचेही पारितोषिक लाभले.

वाचकहो, शिक्षा भोगून कोणी आपल्या खटकचिंचोळीत परतला, तर त्याला आपण काय देणार? तोंडाने क्षमा देणे सोपे आहे. शेतावर काम आणि ओट्यावर बसावयास जागा देणे कठीण. परंतु क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला प्रभूने दूर लोटले नाही; मग आपण कोण लोटणारे?