वॉकरदादाची दिवाळी

भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूरला २००६ साली स्टेशन मिळालं. एकेकाळच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत. नवरा-बायको दोघंही लोकल गाठायला सकाळीच बाहेर पडतात, त्यामुळे घरातल्या लॅब्रेडॉरला फिरवणारा वॉकर लागतो. मालक गावी गेले की मांजराचं खाणं-पिणं बघायला किल्ली घेऊन येणारी सिटर लागते. महिन्याचे किंवा खेपेचे दर ठरलेले असतात. घोळ होतो तो वरच्या पैशांचा. हॉटेलात वेटरला काय ठेवायचं हे सवयीने कळतं, घरकामाच्या बाईंना दिवाळीला एक पगार द्यायचा हेही बहुतेक घरांत ठरलेलं असतं. वॉकरच्या बाबतीत मात्र कुणी पाचशेची नोट देतं, कुणी सोनपापडीचा डबा (जो बऱ्याचदा दुसरीकडून आलेला असतो), कुणी आपला जुना टी-शर्ट, आणि कुणाच्या लक्षातच राहत नाही. हे मालकाच्या मर्जीवर सोडू नये, दिवाळीची पोस्त काम सुरू होतानाच बोलून ठरवावी, असं माझं म्हणणं आहे.

कारण टीप ही बघून द्यायची गोष्ट आहे, आणि हे काम मालकाच्या माघारी होतं. वेटरने पाणी वेळेवर आणलं की नाही, हे जेवणारा स्वतः बघतो. इथे ज्याची सेवा झाली तो बोलू शकत नाही, आणि पैसे देणारा त्या वेळी ऑफिसात नाहीतर कोकणात असतो. त्याच्यापर्यंत पोचतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. साहजिकच बक्षिसी मिळते ती चांगल्या फोटोला. खरं कसब फोटोत येत नाही. पावसाळ्यात फेरी झाल्यावर पंजाच्या बोटांमध्ये बोट घालून गोचीड शोधावी लागते. मे महिन्यात डांबर तापायच्या आत कुत्र्याला परत आणावं लागतं. बोका सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी मात्र होत नाही, हे ज्या सिटरच्या लक्षात येतं तिने तडक डॉक्टर गाठायचा असतो; मूत्रमार्ग बंद झाला तर बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. हे सगळं नीट झालं की मालकाला काहीच कळत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. न घडलेल्या गोष्टीची टीप कोण देणार?

वरचे पैसे मर्जीचे की हक्काचे, हा वाद मुंबईला नवा नाही. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला तेव्हा १९१७ पासून मालकांनी कामगारांना युद्ध बोनस द्यायला सुरुवात केली. तो काही वर्षं मिळत राहिला, लोकांनी तो घरखर्चात धरला, आणि १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला. त्यावरून १९२४ च्या सुरुवातीला गिरण्यांत मोठा संप झाला. या वादासाठी नेमलेल्या सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला, की रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. बक्षीस देणाऱ्याचा हात आखडला की घेणाऱ्याला दाद मागायला जागा उरत नाही, ती अशी. पुढे चार दशकांनी, १९६५ च्या कायद्याने किमान बोनस ठरवून दिला. तो आता वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण बारावा हिस्सा, एक पगार. अर्थात तो वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी. दहा घरांचे दहा कुत्रे फिरवणाऱ्याला मालक दहा आणि आस्थापना एकही नाही. त्यामुळे ते घरोघरी तोंडीच ठरवावं लागेल.

यावर पहिला आक्षेप असा, की खुशीने द्यायच्या गोष्टीचा असा हिशेब मांडला तर तिच्यातली आपुलकी जाते. आपुलकी जात नाही. ती पैशांच्या जागी वापरायची सोय तेवढी जाते. शिवाय खुशीला वाव राहतोच. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला रात्री दोनदा औषध दिलं, फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेल्या कुत्रीजवळ कुणी तासभर बसलं, तर वेगळे पैसे जरूर द्यावेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: रक्कम ठरलेलीच असेल तर माणूस मन लावून काम का करील? पण टीपेने काम सुधारतं हे जिथे धरून चाललंय, तिथली गत बघा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकून आहे. उरलेलं टीपेतून निघेल असं गृहीत धरलं जातं. टीप वाढली की पगार कमी ठेवायला निमित्त मिळतं. चांगल्या वॉकरला धरून ठेवायचं असेल तर त्याचा दर वाढवावा आणि शेजाऱ्यांना त्याचं नाव सांगावं. त्याच टॉवरमध्ये आणखी दोन कुत्रे मिळाले तर त्याची एक रिक्षा वाचते.

तिसरं म्हणणं असतं, की हे कॉलेजच्या पोरांचं जोडकाम, त्याला बोनस कसला. पण मालक सुट्टीला जातात ते गणपतीत आणि दिवाळीत, म्हणजे नेमकं सिटरच्याही घरी सण असतो तेव्हा. तिने नरकचतुर्दशीला पहाटे उटणं सोडून परक्या घरातला ट्रे साफ करायचा, तर त्या दिवसांचा दर जास्त हवा. आणि कुत्रा चावला तर लस एका इंजेक्शनात संपत नाही. शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी टोचून घ्यावी लागते, त्यात कामाचे दिवस बुडतात. तो खर्च कुणाचा, हेही त्याच पहिल्या दिवशी बोलून घ्यावं. बोर्डिंगमध्ये देताना तर एक प्रश्न जास्त विचारायला हवा: काउंटरवर ठेवलेली टीप आत पिंजरे धुणाऱ्या माणसापर्यंत पोचते का? उत्तर गुळमुळीत आलं, तर आत जाऊन त्याच्याच हातात द्यावी.