नऊशे आणि आठशे अकराशे

फ्रीगंजातील टॉवर चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका कापडाच्या दुकानाच्या माथ्यावरील खोलीत आमचा पुतण्या राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बंधूंनी आम्हांस गळ घातली की, "दादा, तुमचे तो ऐकेल. त्याला चार शब्द सुनावा." तक्रार अशी होती की, स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेल्या त्या खोलीत चिरंजीव रात्र रात्र जागून कसलासा खेळ चालविण्याच्या खटपटीत असतात. जुन्या शहराकडून रेल्वेचा पूल ओलांडून फ्रीगंजात उतरेपर्यंत आम्ही मनाशी उपदेशाची बरीच जुळवाजुळव केली होती. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात तो मजकूर पाठच झालेला असतो.

खोलीत मात्र आम्हांस खेळ दिसला नाही. टेबलावर परीक्षेची पुस्तके होती, सोल्डरिंग आयर्न होते, तारांचा गुंता होता आणि तळहातावर मावेल असा एक उघडा सांगाडा होता : छोटा पडदा, सहा-सात बटणे आणि बोटाएवढी एक पट्टी. २०२१ साली निघालेली 'रास्पबेरी पाय पिको' नावाची ही पट्टी तीन-चारशे रुपयांत मिळते. शेजारी एक करड्या रंगाचे जुने यंत्र पडले होते. ते आम्ही ओळखले. बंधूंनीच १९९६ साली मुंबईहून थोरल्या मुलीसाठी आणलेला तो 'गेमबॉय'. त्याच्या पडद्यावर उभ्या रेघा पडून तो केव्हाच निकामी झाला होता. परंतु त्यात घालावयाची खेळाची डबी शाबूत होती.

"डबी चांगली आहे, काका. ती वाचणारे यंत्र मेले आहे. म्हणून मी त्या यंत्राचे सोंग करणारा प्रोग्रॅम लिहितो आहे."

इंग्रजीत या प्रोग्रॅमला 'एम्युलेटर' म्हणतात. मराठीत 'अनुकारक' असा शब्द आम्ही तेथल्या तेथे घडविला, पण तो आमचा आम्हांसच रुचला नाही. खरा शब्द आपल्या अंगणातलाच आहे : बहुरूपी. फौजदाराच्या वेषात दारी उभा राहून घरातल्या कर्त्या माणसाला दरडावणारा बहुरूपी वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याचे कसब असे की, क्षणभर घाबरलेच पाहिजे. येथे घाबरावयाचे, म्हणजे फसावयाचे, ते त्या डबीतील खेळाने. आपण मूळ यंत्रातच आहोत, अशी त्याची खात्री पटली की तो बिनबोभाट चालू लागतो.

ही विद्या नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली '३६०' ही नवी गणकयंत्रे काढली, तेव्हा जुन्या '१४०१' यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम गिऱ्हाइकांनी टाकून द्यायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मग नव्या यंत्राला जुन्याचे सोंग शिकविण्यात आले. हिशेबनिसांच्या सोयीसाठी निघालेली ही युक्ती १९९० नंतर हौशी मंडळींनी खेळांकडे वळविली. गेमबॉयच्या अशा पहिल्यावहिल्या बहुरूप्यांपैकी एक मरात फैझुलिन या तरुणाने १९९५-९६ च्या सुमारास लिहिला. पुढे दक्षिण कोरियात २००१ साली 'जीपी३२' हे हातात धरावयाचे यंत्र निघाले, आणि त्याचा लौकिक स्वतःच्या खेळांपेक्षा दुसऱ्या यंत्रांची सोंगे वठविण्याबद्दलच अधिक झाला.

आता सोंग म्हणजे नेमके काय करावयाचे? १९८९ साली जपानात निघालेल्या गेमबॉयच्या मेंदूला सुमारे पाचशे आज्ञा कळतात : हा आकडा उचल, तो तेथे ठेव, बेरीज कर, अमुक असेल तर तमुक ठिकाणी जा. यातील प्रत्येक आज्ञेचा परिणाम हुबेहूब घडवावयाचा. शिवाय वेळ सांभाळावयाचा. मूळ यंत्राच्या काळजाचे ठोके सेकंदाला जवळजवळ ४२ लाख पडतात. पडद्यावरील एक चित्र पुरे होण्यास त्यांतील ७०,२२४ लागतात आणि अशी सुमारे साठ चित्रे सेकंदाला उमटतात. एका ओळीस जरा उशीर झाला की चित्र फाटते. छोट्या यंत्रात हे सारे २६४ किलोबाइटच्या स्मृतीत आणि बॅटरीच्या बेताच्या बळावर करावयाचे. घरच्या मोठ्या संगणकावर जे सुखाने जमते त्याची येथे काटकसर करावी लागते, हे ऐकून आम्हांस एका पगारात चालणारी घरे आठवली.

उपदेश तसाच राहिला. "खेळून पाहा ना," म्हणून त्याने ते यंत्र आमच्या हाती दिले, आणि आम्ही (हे आमच्या विद्यार्थ्यांच्या कानी न जावे) अर्धा तास खेळलो. मध्येच आमचे गुण नऊशे होते, बक्षिसाचे आठशे मिळाले आणि पडद्यावर अकराशे उमटले! आम्ही म्हटले, "तुझ्या यंत्राला बेरीज येत नाही." त्याचा चेहरा उतरला. हा दोष त्याला महिनाभर छळीत होता. कधी गुण बरोबर येत, कधी नाही, आणि कारण सापडत नव्हते.

बेरजेची चूक म्हटल्यावर आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही कागद मागितला. शतकस्थानी सात आणि पाच : बारा, बरोबर. आठ आणि सात : पंधरा, बरोबर. आठ आणि आठ : दहा! नऊ आणि नऊ : बारा! मुलाची वही तपासताना आम्ही उत्तर पाहत नाही, चूक कोठून सुरू होते ते पाहतो. येथे ती सोळापासून सुरू होत होती.

"सोळा!" पुतण्या ओरडलाच. मग त्याने उलगडा केला. हे यंत्र मुळात सोळाच्या पटीत मोजते. दशमान अंक ठेवताना एकेका अंकास अर्धे घर दिलेले असते आणि त्या अर्ध्या घरात पंधरापर्यंतच मावते. बेरीज दहा ते पंधरा आली तर घरातील आकडा नवाहून मोठा दिसतो आणि यंत्र सहा मिळवून ती दुरुस्त करते. परंतु नऊ आणि आठ सतरा झाले की सोळा पलीकडे निघून जातात आणि मागे उरतो एक. तो एक निरुपद्रवी दिसतो. म्हणून 'मधल्या उंबरठ्यावरून हातचा गेला' अशी एक खूण यंत्र बाजूला ठेवते. साध्या बेरजेत ही खूण पुतण्याने ठेवली होती. मागील हातचा जमेस धरून करावयाच्या बेरजेत विसरला होता. एक ओळ बदलली आणि नऊशे अधिक आठशे सतराशे झाले. दुसरीच्या वर्गात हातचा विसरणाऱ्या मुलांच्या वह्यांवर आम्ही जन्मभर लाल शाई ओतली. पण त्या दिवसाइतके समाधान क्वचितच लाभले असेल.

तरी एक शंका मनात होतीच. परीक्षेतील नक्कल पकडण्यात आमचे आयुष्य गेले. येथे तर नक्कल हाच पुरुषार्थ! हे चोरीत मोडत नाही काय? पुतण्याने अमेरिकेतील दोन प्रकरणे सांगितली. सोनी कंपनीने 'कनेक्टिक्स'वर लावलेल्या दाव्यात २००० साली तेथील अपील न्यायालयाने असे ठरविले की, यंत्राचा अभ्यास करण्यासाठी केलेली मधली प्रत गैर नाही. उलट 'युझू' नावाच्या एका प्रोग्रॅमच्या कर्त्यांना २०२४ साली निन्टेन्डो कंपनीस २४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आमच्या अल्पमतीस इतके कळले की, स्वतः लिहिलेले सोंग ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या खेळांच्या फुकट प्रती वाटणे ही दुसरी. पुतण्यापुढे होती ती त्याच्या घरची, पैसे मोजून घेतलेली डबी.

मग तो म्हणाला, "काका, आपल्या ट्रंकेतले रुमाल आठवतात? ते तरी कुठे मेलेत?"

हा घाव वर्मी लागला. आमचे पणजोबा ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत होते. त्यांच्या मोडी कागदांचे तीन रुमाल आमच्या घरी आहेत. कागद उत्तम, शाई काळीभोर; पण घरातले शेवटचे मोडी वाचणारे आमचे आजोबा. ते गेले तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या अभ्यासात होतो आणि 'पुढे शिकू' म्हणत राहिलो. पुढे मराठीत एम.ए. केले. आजही त्या कागदांवरील 'श्री' आणि आडवी ओढलेली रेघ यापलीकडे आम्हांस काही उमगत नाही. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. खेळांची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. आमच्या ट्रंकेची कशी न्यावी?

बंधूंना आम्ही इतकेच कळविले की, रात्री नऊ ते अकरा या दोन तासांपलीकडे त्या यंत्राला हात लावणार नाही, असे मुलाने कबूल केले आहे. ते नाराज आहेत. परीक्षा जवळ आली आहे आणि तिचा निकाल काय लागेल, हे आम्ही सांगू शकत नाही. यंत्राचा आवाजही अजून सुरात नाही. चारपैकी एक वाहिनी नुसतीच खरखरते.

रविवारी तो आमच्याकडे येतो. आम्ही मोडीचे एक प्राथमिक पुस्तक मिळविले आहे. पहिला रुमाल सोडून एकेक कागद तो मोबाईलने टिपून घेतो, आणि आम्ही चष्मा पुसून अक्षरे लावीत बसतो. गेल्या खेपेस एका कागदावर आम्हांस 'उज्जैन' लागले.