नागपूरचा कूलर, मुंबईचा घाम

‘पस्तीस? बस्स?’

मुंबईत आले तेव्हा माझा हा ठरलेला डायलॉग होता. मी पक्की नागपूरकर. मे महिन्यातले ४५ अंश बघत वाढलेली. ओढणीने तोंड बांधायचं, घरी आल्यावर पन्हं प्यायचं, झालं! एप्रिलमध्येच हाशहुश करणाऱ्या मैत्रिणींची मी यथेच्छ टिंगल करायचे.

मग गेल्या मे महिन्यात सकाळी साडेनऊला लेडीज डब्यात घाटकोपर गेलं आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा एक मावशी पर्सनेच वारा घालत होत्या. त्या दिवशी पारा होता फक्त ३४!

डॉक्टरांनी आधी विचारलं, “सकाळपासून पाणी किती प्यायलीस?” एक कप चहा. दीड तासाचा प्रवास, त्यात स्टेशनवरचं टॉयलेट... लोकलने जाणाऱ्या मुलींना कारण सांगायला नकोच.

पण खरी भानगड घामाची. घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तो येता येताच उडून जातो. मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली, घाम नुसता ओघळतो आणि उष्णता आतच राहते. ३४ अंशांत ७० टक्के दमटपणा मिसळा, अंगाला ते ४५ च्या आसपास जाणवतं. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच करतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. नागपुरात ३८ ला कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही हो!

खरं तर पुरावा माझ्या खोलीतच होता. बाबांनी हौसेने ट्रान्सपोर्टने पाठवलेला कूलर. वाळ्याच्या ताट्या, टाकीभर पाणी, सगळं साग्रसंगीत! पहिल्याच रात्री चादर ओलसर, भिंती चिकट आणि मी जास्तच घामाघूम. कूलरही पाणी वाळवूनच हवा गार करतो ना! त्याचं आणि माझ्या कातडीचं दुखणं एकच होतं, पण मी दोष मोटरला दिला.

डॉक्टरांची एक सूचना मात्र मी फ्रिजवर चिकटवलीय. चक्कर आली, मळमळलं तर सावली, पाणी, ओआरएस. पण माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात. तोंडात काही ओतायचं नाही. अंगावर गार पाणी, वारा आणि ताबडतोब हॉस्पिटल.

आता बॅगेत बाटली असते आणि ऑफिसजवळचं स्वच्छ टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे, तेही पाठ आहे. कूलर सोसायटीच्या वॉचमनकाकांनी मागून नेला. टिनाच्या केबिनमध्ये तो दिवसभर घरघरत असतो. ताट्या काढून टाकल्यात आणि टाकी कोरडी. काका तो नुसता पंखा म्हणून चालवतात.