भुलीच्या डार्टचे अंतर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, कुकडी व घोड खोऱ्यांतील धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबटे राहतात आणि वितात. त्यांतला एखादा जखमी झाला किंवा घरात शिरून अडकला, तर भुलीचा डार्ट, म्हणजे पुढे सुई आणि मागे गोंडा असलेली उडती सिरिंज, त्याला मारावा लागतो. हे काम शिकारीचे नसले, तरी किती अंतरावरून मारणे न्याय्य, हा शिकाऱ्याचा प्रश्न त्यात कायम राहतो.

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे: बाण सेकंदाला सुमारे 300 फूट जातो, आवाज मात्र 1,100 फूट, त्यामुळे 120 फुटांवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ आधी पोहोचतो, ते दचकून खाली दबते आणि फुप्फुसावर धरलेला नेम भलतीकडे लागतो. डार्टही लांबून असाच चुकतो. पण त्याला जवळचीही मर्यादा आहे, कारण त्याला ढकलणाऱ्या वायूचा दाब अंतराच्या मानाने जास्त झाला तर सुई मांडीच्या स्नायूत थांबण्याऐवजी हाडापर्यंत जाते, आणि पोट किंवा छाती या जागा तर कोणत्याच अंतरावरून चालत नाहीत. पिंजऱ्यातल्या बिबट्यासाठी म्हणूनच बंदुकीऐवजी फुंकनळी वापरतात. तिचा मारा काही मीटरांचाच, पण धक्का सौम्य असतो.

उसात मात्र मीटरांचा हिशोब अपुरा पडतो. एखादे पातही डार्टची दिशा बदलू शकते, आणि केटामिन व झायलाझिन हे नेहमीचे मिश्रण स्नायूत गेल्यावरही अंमल चढायला काही मिनिटे लागतात; तेवढ्यात बिथरलेले जनावर पाटाच्या पाण्यात जाऊन पडेल की बघ्यांच्या गर्दीत घुसेल, हे डार्ट सोडण्यापूर्वीच जोखावे लागते. बांधावरचे लोक घाई करत असताना ‘आता नाही’ म्हणणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कौशल्य आहे. तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होय.

कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला बिबट्या वरून अगदी टप्प्यात दिसतो, तरी पाण्यात असताना त्याला भूल देत नाहीत, कारण शुद्ध हरपताच तो बुडेल. आधी दोरांनी बाज सोडून त्याला टेकायला जागा करतात, मग पिंजरा उतरवतात, आणि तो आपल्या पायांनी आत शिरेपर्यंत माणसांना काठापासून मागे हटवतात.