बेडूक पाळताना पहिली निवड: नवशिक्या व्यक्तीसाठी निकष आणि प्रजातींचा तौलनिक विचार

सारांश

बेडूक व भेक पाळण्याचा छंद प्रामुख्याने उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथे रुजलेला आहे. हा छंद नव्याने सुरू करणाऱ्या व्यक्तीने पहिला प्राणी कोणत्या निकषांवर निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्राण्याचे रूप किंवा किंमत यांपेक्षा त्याचे मूळ, आयुर्मान, तापमानाची गरज आणि आहार हे निकष निर्णायक ठरतात, असे लेखाचे प्रतिपादन आहे. नवशिक्यांना सामान्यतः सुचविल्या जाणाऱ्या पाच प्रकारांची या निकषांवर तुलना केली असून महाराष्ट्राच्या संदर्भात त्यातून निघणारे अर्थ शेवटी मांडले आहेत.

बीजशब्द: उभयचर, बेडूक, भेक, प्राणिपालन, कायट्रिड कवक, परकी प्रजाती.

१. प्रस्तावना

आपल्याकडील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा बेडकाशी निकटचा परिचय कित्येक दशके विच्छेदनाच्या तबकातच होत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर बंद करण्यास सांगितले. बेडकाचे हृदय कसे असते हे त्या तबकाने शिकविले. परंतु बेडूक जिवंत आणि निरोगी राहण्यासाठी काय लागते, हा विषय अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिला. पाश्चात्त्य देशांत मात्र हे ज्ञान प्रयोगशाळा, प्राणिसंग्रहालये आणि हौशी पालनकर्ते यांच्या अनुभवातून पुष्कळ वाढले आहे.

असा छंद सुरू करू इच्छिणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता बेडूक चांगला?’ असा असतो. हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या बेडकाच्या गरजा मी माझ्या घरात, माझ्या हवामानात आणि पुढील दहा-पंधरा वर्षे भागवू शकेन?’ हा खरा प्रश्न होय. कुत्रा किंवा मांजर आपली अडचण आवाजाने, हालचालीने मालकाच्या ध्यानात आणून देते. बेडूक असे करीत नाही. तो दिवसचे दिवस एका जागी निश्चल बसतो आणि आजारी असतानाही जवळजवळ तसाच दिसतो. म्हणून त्याच्या बाबतीत चूक सुधारण्याची संधी उशिरा मिळते आणि निवडीच्या क्षणी केलेल्या विचाराला अधिक महत्त्व येते.

२. शरीररचनेतून येणाऱ्या अटी

बेडकाची त्वचा पातळ आणि पार्य असते. तो पाणी तोंडाने पीत नाही, त्वचेतून शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेमार्फत होतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, पाण्यात जे असेल ते शरीरात जाण्याची शक्यता असते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माणसाला बाधत नाही, पण बेडकाला अपाय करू शकतो. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास क्लोरिन बराचसा उडून जातो. क्लोरामाइन मात्र तसा जात नाही, त्यासाठी मत्स्यालयात वापरतात ते जलशुद्धी द्रावण घालावे लागते. हाताला लागलेला साबण, मलम किंवा डास पळविणारे औषध हेही त्याच मार्गाने बेडकाच्या शरीरात जाते. त्यामुळे बेडूक हा पाहण्याचा प्राणी आहे, हाताळण्याचा नव्हे, ही पहिली अट मान्य करावी लागते.

दुसरी अट तापमानाची. बेडूक शीतरक्ती असल्याने त्याचे चयापचय, पचन आणि प्रतिकारशक्ती परिसराच्या तापमानावर अवलंबून असतात. प्रत्येक प्रजातीचा सुखकर पट्टा निराळा असतो. त्याच्या फार खाली पचन मंदावते. त्याच्या फार वर गेल्यास मृत्यूही ओढवू शकतो.

तिसरी अट आहाराची. बहुतेक बेडूक हलणाऱ्या भक्ष्यावरच झेप घेतात. म्हणजे घरात जिवंत रातकिडे, झुरळे किंवा गांडुळे यांचा नियमित पुरवठा हवा. संवर्धित रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी असते. त्यामुळे कीटकांना खाऊ घालण्यापूर्वी कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाची भुकटी लावावी लागते. अन्यथा हाडे मऊ होऊन वाकण्याचा विकार जडतो. ज्या घरात जिवंत झुरळांचा डबा ठेवण्याची कल्पना सहन होणार नाही, तेथे बेडूक पाळण्याचा विचार येथेच थांबविणे इष्ट.

३. निवडीचे निकष

पहिला निकष मूळ कोठले, हा आहे. प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे की निसर्गातून पकडलेला, याची चौकशी सर्वप्रथम करावी. पकडून आणलेले बेडूक प्रवासाच्या ताणाने दुबळे झालेले असतात, त्यांच्यात परजीवी असण्याची शक्यता अधिक असते आणि बंदिस्त जागेत अन्न घेण्यास ते कित्येकदा नकार देतात. शिवाय प्रत्येक खरेदी पुढील पकडीला उत्तेजन देते.

दुसरा निकष आयुर्मान. आकाराने लहान असलेला प्राणी अल्पायुषी असेल, हा समज येथे लागू पडत नाही. लोकप्रिय प्रजातींपैकी बऱ्याच दहा वर्षांहून अधिक जगतात आणि काही वीस वर्षांच्या घरात पोहोचतात. आठवीतील मुलासाठी आणलेला बेडूक तो मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागल्यावरही घरी असू शकतो. तेव्हा त्याचे कोण करणार, हे आधीच ठरलेले असावे.

तिसरा निकष प्रौढ आकार आणि स्वभाव. दुकानात नाण्याएवढे दिसणारे पिल्लू वर्षभरात मुठीएवढे होऊ शकते. भिन्न प्रजाती किंवा भिन्न आकाराचे बेडूक एकत्र ठेवू नयेत, कारण मोठा लहानाला गिळतो अथवा एकाच्या त्वचेतील विषाची बाधा दुसऱ्याला होते.

चौथा निकष आपल्या घराचे तापमान. काचपेटी प्राण्याआधी आणावी, त्यात तापमापक व आर्द्रतामापक ठेवून आठवडाभर नोंदी घ्याव्यात आणि मगच प्राणी निवडावा. पुष्कळदा क्रम उलटा होतो. बेडकाच्या किमतीपेक्षा पेटी, दिवे आणि खाद्य यांचा खर्च कितीतरी अधिक असतो, हेही या आठवड्यात लक्षात येते.

४. पाच प्रकारांची तुलना

(अ) व्हाइट्स ट्री फ्रॉग: हा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील हिरवा, गुबगुबीत वृक्षमंडूक. ब्रिटिश शल्यविशारद जॉन व्हाइट यांच्या १७९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतातून तो विज्ञानाला ज्ञात झाला. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा पिवळा रंग नाहीसा होऊन तो निळा दिसला, म्हणून त्याला ‘सेरुलिया’, म्हणजे निळा, असे नाव मिळाले. लांबी साधारण ७ ते ११ सेंटिमीटर; आयुष्य पंधरा वर्षांहून अधिक असू शकते. दिवसा २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते आणि आर्द्रतेतील चढउतार तो इतर वृक्षमंडुकांपेक्षा चांगले सोसतो. बंदिवासात त्याची पैदास सहज होते. चढण्यासाठी उंच पेटी आणि खाद्यावर नियंत्रण या त्याच्या मुख्य गरजा आहेत, कारण तो लवकर स्थूल होतो. नवशिक्यासाठी हा सर्वांत समतोल पर्याय म्हणता येईल.

(आ) पॅकमन फ्रॉग: दक्षिण अमेरिकेतील सेराटोफ्रिस प्रजातीचा हा बेडूक मातीत अर्धा पुरून घेऊन भक्ष्याची वाट पाहतो. त्याची हालचाल कमी असल्याने लहान पेटी पुरते आणि २४ ते २८ अंश तापमानात तो सुखात राहतो. मात्र तोंडात मावेल ते तो गिळतो, बोटालाही कडकडून चावतो; म्हणून तो एकटाच ठेवावा. देखभाल सोपी आहे. पण दिवसभर न हलणारा प्राणी पाहण्यात मुलांचे मन किती दिवस रमेल, याचा विचार व्हावा.

(इ) फायर-बेलीड टोड: कोरिया, ईशान्य चीन व रशियाचा अतिपूर्व भाग येथील हा ४ ते ५ सेंटिमीटरचा प्राणी. पाठ हिरवी-काळी, पोट भडक तांबडे. धोका जाणवताच तो अंग वाकवून तांबडा रंग दाखवितो. तो दिवसा वावरतो, त्यामुळे निरीक्षणास उत्तम. त्याला १८ ते २४ अंशांचा थंडावा लागतो. त्वचेतील स्राव डोळ्यांची आग करतो, म्हणून हात लावल्यास लगेच धुवावेत.

(ई) आफ्रिकन क्लॉड फ्रॉग: हा सर्वस्वी पाण्यात राहणारा झेनोपस. १९३० च्या दशकापासून गर्भनिदान चाचणीसाठी तो जगभर नेण्यात आला. स्त्रीच्या मूत्राचा अंश टोचल्यावर मादी अंडी घालते, या गुणावर ती चाचणी आधारलेली होती. जॉन गर्डन यांनी याच बेडकावर केलेल्या केंद्रक-प्रत्यारोपणाच्या कार्याला २०१२ सालच्या नोबेल पारितोषिकात मान्यता मिळाली. तो तयार गोळीखाद्य खातो, ही मोठी सोय. पण पाणी थंड, सुमारे १६ ते २२ अंशांचे लागते, आयुष्य पंधरा वर्षांहून अधिक असते आणि झाकण सैल असल्यास तो हमखास पळतो. कॅलिफोर्नियासारख्या काही अमेरिकी राज्यांत तो परवान्याविना बाळगण्यास मनाई आहे.

(उ) आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग: जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचा हा जलचर बेडूक स्वस्त आणि निरुपद्रवी वाटतो. तथापि, २००९ ते २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेला जिवाणूच्या साथीत २०० हून अधिक लोक आजारी पडले, त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते आणि तिचा संबंध याच बेडकांशी जोडला गेला. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात तो आणू नये. त्याची टाकी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये.

रंगांमुळे मोहात पाडणारे डार्ट फ्रॉग या यादीत नाहीत. त्यांचे विष निसर्गातील आहारातून येत असल्याने बंदिवासात जन्मलेले बेडूक विषारी नसतात; परंतु सततची उच्च आर्द्रता आणि अतिसूक्ष्म भक्ष्य यांची व्यवस्था नवशिक्यास जड जाते.

५. घराबाहेर पोहोचणारे परिणाम

बेडूक पाळणे ही खासगी आवड असली, तरी तिचे परिणाम खासगी राहत नाहीत. १९९९ साली शास्त्रीय वर्णन झालेले कायट्रिड कवक बेडकांच्या त्वचेवर वाढते आणि क्षारांचे संतुलन बिघडवून हृदय बंद पाडते. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या रोगामुळे किमान ५०१ उभयचर प्रजातींची घट झाल्याचे आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे अनुमान मांडले. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने या कवकाचे मूळ पूर्व आशियात शोधले आणि उभयचरांच्या व्यापाराकडे प्रसाराचे एक प्रमुख साधन म्हणून बोट दाखविले. झेनोपस स्वतः फारसा आजारी न पडता हे कवक वाहून नेऊ शकतो. म्हणून काचपेटीतील पाणी ओढ्यात किंवा बागेत ओतू नये आणि नवा प्राणी जुन्याजवळ ठेवण्याआधी किमान महिनाभर वेगळा ठेवावा.

कंटाळा आल्यावर ‘निसर्गात मुक्त करणे’ हा उपाय दयाळूपणाचा वाटतो, परंतु तो सर्वांत घातक आहे. उसावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये आणलेल्या सुमारे १०० केन टोडांपासून ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या भूभागावर त्यांचा फैलाव झाला. त्यांचे विष तेथील भक्षकांना सोसत नाही. आपल्या अंगणात दिसणारा सामान्य भेकही मादागास्करला परका ठरला. २०१४ साली तेथील तोआमासिना बंदराच्या परिसरात त्याची वाढती संख्या उजेडात आली. जो प्राणी एका ठिकाणी निसर्गाचा भाग असतो, तोच दुसरीकडे संकट ठरतो.

६. महाराष्ट्राचा संदर्भ

वरील निकष आपल्या परिस्थितीला लावले असता चित्र बरेच बदलते. चंद्रपूर किंवा नागपूर येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. झेनोपस व फायर-बेलीड टोड यांना लागणारा थंडावा तेथे अखंड वातानुकूलनाविना अशक्य आहे, आणि वीज काही तास गेली तरी प्राणी दगावू शकतो. उभयचरांवर उपचार करू शकणारा पशुवैद्य जवळपास मिळणेही सोपे नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने साइट्स करारातील परक्या प्रजातींसाठी स्वतंत्र तरतूद केली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली. डार्ट फ्रॉग आणि लाल डोळ्यांचा वृक्षमंडूक हे त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. देशी बेडूक पकडून आणणे हा तर पर्यायच मानू नये. २००९ साली वर्णन झालेला आंबोलीचा भेक केवळ आंबोलीच्या परिसरातच आढळतो. अशा ठिकाणाहून उचललेला प्रत्येक प्राणी त्या प्रजातीच्या दृष्टीने मोठी हानी असते.

मग आवड असलेल्याने काय करावे? महाविद्यालयाच्या आवारात सावलीत, उतरत्या काठाचे, माशांविना लहानसे तळे केले आणि त्याच्या आसपास कीटकनाशके वापरली नाहीत, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बेडूक स्वतःहून येण्याची चांगली शक्यता असते. अंडी, बेडूकमासे, रूपांतर आणि नरांचे आवाज यांच्या नोंदी विद्यार्थ्यांना तेथेच ठेवता येतात. काचपेटीतील एका बेडकाकडून जे शिकता येते, त्यापेक्षा हे शिक्षण कमी नाही. आणि येथे खाद्य, तापमान व आयुर्मान यांची जबाबदारी निसर्ग उचलतो.

७. समारोप

थंड वा समशीतोष्ण प्रदेशात, स्थिर तापमानाची सोय असलेल्या घरात, बंदिवासात जन्मलेला व्हाइट्स ट्री फ्रॉग ही नवशिक्यासाठी सुजाण निवड आहे; कमी वेळ आणि कमी जागा असल्यास पॅकमन फ्रॉगचा विचार करावा. कोणतीही प्रजाती निवडली, तरी तिचे मूळ विचारणे, प्राण्याआधी पेटी सिद्ध करणे आणि पुढे कधीही त्याला बाहेर न सोडणे ही तीन पथ्ये पाळावीच लागतात. ज्यांना ती पाळणे शक्य नाही, त्यांनी बेडूक न आणणे हीदेखील विचारपूर्वक केलेली निवडच होय. आपल्या उन्हाळ्याचा विचार करता महाराष्ट्रातील बहुतेक घरांसाठी तीच योग्य ठरेल.