नोड मेलाय की झोपलाय? क्लस्टरमधल्या लॉकची खरी अडचण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तीन नोडच्या क्लस्टरसाठी एक छोटा लॉक मॅनेजर लिहिला. आठवडाभर सगळ्या टेस्ट पास होत होत्या, त्यामुळे मी खुशीत. मग गाईड आले. लॉक धरून बसलेल्या नोडची व्हर्च्युअल मशीन त्यांनी पंधरा सेकंद पॉज केली आणि पुन्हा सुरू केली. माझ्या लॉकची मुदत दहा सेकंदांची होती. तेवढ्यात दुसऱ्या नोडने लॉक घेऊन फाईलमध्ये नवी नोंद केली होती. पहिला नोड जागा झाला आणि त्याने तीवरच जुनी नोंद लिहून टाकली! सरांनी एवढंच विचारलं, "तो मेला होता की झोपला होता?"

या विषयात काम करायचं असेल, तर तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

एकाच मशीनवर एखादी प्रोसेस मेली, तर कर्नलला ते कळतं आणि तिचे फाईल लॉक सुटतात. क्लस्टरमध्ये असं सगळं बघणारं कोणी नसतं. समोरून उत्तर आलं नाही, एवढंच कळतं. नोड बंद पडला, नेटवर्क तुटलं की तो नुसता रखडलाय, हे बाहेरून ओळखता येत नाही.

क्रोनेनबर्ग, लेव्ही आणि स्ट्रेकर यांचा व्हॅक्सक्लस्टरवरचा १९८६ चा पेपर जरूर वाचा. जुना आहे म्हणून सोडू नका. त्यात प्रत्येक रिसोर्सचा लॉक सांभाळणारा एक मास्टर नोड असतो, आणि तो कोणता हे सांगणारा डिरेक्टरी नोड रिसोर्सच्या नावाच्या हॅशवरून सापडतो. म्हणजे सगळा भार एकावर येत नाही. लॉकचे प्रकार सहा, नुसत्या 'नल'पासून 'एक्सक्लुझिव्ह'पर्यंत. नवखे विद्यार्थी हे सहा प्रकार पाठ करण्यात रमतात (मीही रमलो होतो). पण कोणता प्रकार कोणाबरोबर चालतो, हा शेवटी एका तक्त्याचा प्रश्न आहे. अवघड भाग पुढे आहे: नोड गेल्यावर काय करायचं?

एक उत्तर कोरमचं. क्लस्टर दोन तुकड्यांत फुटला, तर बहुमत असलेल्या तुकड्यानेच काम चालू ठेवायचं, दुसऱ्याने थांबायचं. पण रखडलेल्या नोडला आपण अल्पमतात गेलोय हे कळणार कसं? म्हणून लिनक्सच्या जीएफएस२ सारख्या फाईल सिस्टिममध्ये फेन्सिंग असतं. संशयित नोडची वीजच तोडायची, नाहीतर डिस्ककडे जाणारी त्याची वाट बंद करायची, आणि ते झाल्याची खात्री पटल्यावरच त्याचे लॉक दुसऱ्याला द्यायचे. क्रूर वाटतं खरं. पण 'बहुतेक मेला असेल' यावर डेटा सोडणं त्याहून वाईट.

दुसरी वाट लीजची, म्हणजे मुदतीच्या लॉकची. ग्रे आणि चेरिटन यांनी ती १९८९ मध्ये मांडली. मुदत संपली की लॉक आपोआप जातो. छान आहे, फक्त झोपलेल्या नोडला आपली मुदत संपल्याचं माहीत नसतं. माझं नेमकं हेच झालं होतं.

यावर उपाय असा: प्रत्येक वेळी लॉक देताना चढत्या क्रमाचा एक आकडा सोबत द्यायचा. ३३ आकडा घेतलेला नोड झोपला, मग दुसऱ्याला ३४ मिळाला. स्टोरेजने ३४ ची नोंद घेतली की ३३ घेऊन येणाऱ्याला परत पाठवायचं. गूगलच्या चबी लॉक सर्व्हिसमध्ये (पेपर २००६ चा) याच जातीची सोय आहे, तिला ते सीक्वेन्सर म्हणतात. मात्र यात तपासणी लॉक मॅनेजर करत नाही, स्टोरेज करतं. तुमचं स्टोरेज आकडा तपासणारं नसेल, तर लॉक मॅनेजर कितीही नीट लिहा, ही फट राहतेच.

तेव्हा स्वतःचा लॉक मॅनेजर लिहिलात, की वेग मोजायला बसण्याआधी लॉक धरलेल्या प्रोसेसला सिगस्टॉप द्या, मुदतीच्या दुप्पट वेळ थांबा, मग सिगकाँट द्या, आणि फाईल उघडून बघा. ही टेस्ट मी आता सगळ्यात आधी चालवतो.