फोनमधले ॲप आणि गोळीची तारीख



ऊस विकास खात्याने आरोग्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आम्ही बांधावर जातो तेव्हा हल्ली खोडव्याइतकाच विषय बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचा निघतो. शिवाय एका गोष्टीत थोडी चूक आमचीही आहे.

आमच्या एका गटातील सभासद, वय पंचावन्नच्या पुढे, रक्तदाब वाढलेला. आमच्याच कर्मचाऱ्याने हौसेने त्यांच्या फोनवर रक्तदाब लिहून ठेवायचे ॲप टाकून दिले. आठ-दहा दिवस त्यांनी नेमाने आकडे भरले. मग तोड आली. टोळीच्या मागे फिरण्यात महिना गेला आणि गोळ्या संपल्या त्या संपल्याच. एका सकाळी उजवा हात उचलेना. वेळेत दवाखाना गाठला म्हणून आज चालते-फिरते आहेत, पण हातात विळा पूर्वीसारखा धरवत नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "साहेब, ते रोज मला विचारायचं. मी सांगितलं की गप बसायचं."

या एका वाक्यात सगळे आले. आता बघा, हेच सभासद उसाच्या वजनाचा मेसेज रात्री दोन वाजता आला तरी उठून बघतात. म्हणजे फोन वापरता येत नाही हे कारण नव्हे. वजनाच्या मेसेजातून त्यांना काहीतरी मिळते, टनेज कळते, पुढचा हिशेब बांधता येतो. ॲपमध्ये आकडा टाकला की तो विहिरीत दगड टाकल्यासारखा जातो.

हे आपल्याच भागात घडते असेही नाही. गुंथर आयझेनबाख या संशोधकांनी २००५ मध्येच लिहून ठेवले, की संगणकावरून चालणाऱ्या आरोग्य-कार्यक्रमांत बरेच लोक मध्येच वापर सोडतात आणि ही गळती धरूनच चालावे लागते. २०१९ मध्ये मनःस्वास्थ्यासाठी असलेल्या ९३ ॲपची पाहणी प्रसिद्ध झाली. ॲप घेतलेल्या १०० जणांपैकी तिसाव्या दिवशी ते उघडणारे साधारण तीनच. आपल्याकडे माती परीक्षणाचा अहवाल पेटीत पडून राहतो आणि युरिया मागच्या सालासारखाच पडतो, त्यातलाच हा प्रकार. कागद काढणे वेगळे, त्याप्रमाणे खत टाकणे वेगळे.

मग चालते काय? उदाहरण लांबचे नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. या कामात 'सिंपल' नावाचे ॲप वापरले गेले. त्याची गंमत अशी, की ते रोग्याच्या फोनवर नसतेच, ते सिस्टरच्या हातात असते. रोग्याजवळ फक्त एक कार्ड. आला की कार्ड स्कॅन करायचे, रक्तदाब आणि गोळी नोंदवायची, पुढची तारीख द्यायची. तारीख उलटूनही जो आला नाही त्याचे नाव यादीत वर येते आणि सिस्टर फोन करते, "काका, गोळ्या न्यायला आला नाहीत?" विचारणारे माणूस पलीकडे आहे, म्हणून रोगी टिकतो. आपल्या चिटबॉयने लागणीची तारीख बघून फेरी मारावी, तसेच हे.

ई-संजीवनीचेही तसेच. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची सोय सरकारने एप्रिल २०२० मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवर १० कोटी सल्ले झाले. पण त्यांतले बहुतेक लोकांनी घरून एकट्याने घेतलेले नाहीत. आरोग्य केंद्रातील कर्मचारी शेजारी बसून डॉक्टरांशी जोडून देतात, त्या मार्गाने झालेले आहेत. लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया. शहराला जायला सोबत आणि सबंध दिवस लागतो, उपकेंद्र गावात असते. आमच्या मते कारण बरेचसे एवढेच असावे.

जाता जाता आभा क्रमांकाविषयी, कारण त्यात फार घोटाळा होतो. हा १४ अंकी क्रमांक आपले तपासणीचे कागद एकत्र जोडण्यासाठी आहे, आणि ते कागद दुसऱ्याला दाखवायला आपली संमती लागते. पाच लाखांच्या मोफत उपचाराचे आयुष्मान कार्ड वेगळे. आभा काढला म्हणजे विमा झाला, असे समजून कोणी बसू नये.

तेव्हा फोनवर ॲप घेण्यापूर्वी एवढे विचारा: मी आकडा भरला तर तो बघणार कोण? कोणी बघणार नसेल, तर साधी वही घेऊन उपकेंद्रातील ताईंकडे महिन्यातून एकदा जाणे बरे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, बांधावरून तडक येऊन मोजू नये. आणि आकडा खाली आला म्हणून गोळी मनाने बंद करू नये. तो गोळीमुळेच खाली आलेला असतो.

येत्या गळीत हंगामात आम्ही एक करून बघणार आहोत. तोडणीची तारीख ज्या कागदावर लिहून देतो, त्याच्याच मागे गोळ्या आणण्याची तारीख लिहायला जागा ठेवली आहे. आमचा माणूस फेरीला आला की दोन्ही बाजू बघेल, त्याचा राग मानू नये. आजाराचे नाव लिहायचे नाही, फक्त तारीख. ती आपल्या घरातल्या सूनबाईंनी किंवा मुलांनी लिहिली तरी चालेल.